पुढच्या दाराने आलेली लेक

आमची लेक दत्तक आहे, हे मी या सदरात एकदा बोलण्याच्या ओघात लिहून गेले. तेव्हापासून माझ्या टपालाचा नूरच पालटला. पूर्वी लोणच्याला बुरशी का येते आणि सुनेशी कसे जमवून घ्यावे, असे विचारणारी पत्रे यायची. आता आठवड्याला एखादे तरी जाडसर पाकीट येते. वरच्या कोपऱ्यात ‘खासगी’ असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढलेल्या असतात. अशा पत्रांना मी खासगीच उत्तरे पाठवते. पण त्यांतले एक पत्र पुष्कळांच्या उपयोगाचे आहे, म्हणून लिहिणाऱ्या बाईंना विचारून, त्यांचे नावगाव वगळून, त्याचे उत्तर या दिवाळी अंकात जाहीरपणे देते.

बाईंच्या लग्नाला बारा वर्षे झाली. औषधपाणी झाले, नवससायास झाले. आता त्यांच्या ओळखीच्या एका दवाखान्यातून निरोप आला आहे की, एक अविवाहित मुलगी बाळंत व्हायची आहे, तिच्या घरच्यांना बाळ नको आहे. तुम्ही चार महिने कुठे तरी परगावी जाऊन राहा. बाळ झाले की दवाखान्याच्या नोंदीत आई म्हणून तुमचेच नाव घालू. कुणाला कानोकान खबर लागणार नाही. संस्थेमार्फत जायचे तर नातेवाईक म्हणतात, चपला झिजतात आणि केस पिकतात. तेव्हा बाई विचारतात : बाळाला घर मिळेल, त्या मुलीची सुटका होईल, आमची ओटी भरेल. यात वाईट कुणाचे होते?

प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तरही आडपडदा न ठेवता देते. बाई, यात वाईट तिघांचे होते.

पहिले तुमचे. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे टाकलेले, अनाथ किंवा आईबापांनी सोडलेले मूल असे परस्पर देणे-घेणे हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. मुलाच्या बदल्यात पैसे हातचे सुटले, तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. जो माणूस आज तुमचे नाव खोट्या नोंदीत घालतो, त्याच्या हातात तुमच्या संसाराची दोरी जन्मभर राहते. तो उद्या काय मागेल, याचा नेम नाही. शिवाय बाळाच्या घरची माणसे कधी दारात उभी राहिली तर कोणता कागद दाखवाल?

कागदाची थट्टा करणारे पुष्कळ भेटतात. पण मी साताऱ्याची. आमच्या गावाला दत्तकाच्या कागदाची किंमत निराळी सांगावी लागत नाही. 1848 साली शहाजी महाराज वारले. त्यांनी अखेरच्या घटकेला घेतलेला दत्तक कंपनी सरकारने मानला नाही आणि साताऱ्याचे राज्य खालसा झाले. पुढे झाशीचेही तसेच झाले. तिथे अन्याय सरकारचा होता, हे खरे. पण ज्याचे मूलपण इतरांनी मान्य करायचे असते, त्याला जगासमोर उभे राहायला काही तरी आधार लागतो, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

दुसरे वाईट होते ते त्या मुलीचे. तुमच्या पत्रात तिच्याविषयी एकच ओळ आहे : तिच्या घरच्यांना बाळ नको आहे. घरच्यांना! तिला कुणी विचारले का? संस्थेच्या मार्गाने गेले म्हणजे नेमके हे विचारले जाते. ज्या आईला मूल सोडायचे असेल तिला बाल कल्याण समितीपुढे यावे लागते. समिती तिला समजावते, इतर मार्ग सांगते, आणि तरीही तिने सोडले तर तिला दोन महिन्यांची मुदत मिळते. त्या दोन महिन्यांत तिचे मन फिरले, तर मूल तिचे. कुठे तरी सापडलेल्या मुलाचेही असेच. दोन वर्षांच्या आतले असेल तर दोन महिने आणि मोठे असेल तर चार महिने त्याच्या माणसांचा शोध घ्यायचा. कुणी आले नाही तरच ते दत्तक द्यायला मोकळे असल्याचे समिती जाहीर करते. आपल्याला वाटते, सरकारी दिरंगाई. पण त्या दिरंगाईत कुणा पोरीला आपले मूल परत मागायची सवड असते. मागच्या दाराने मूल घेतले तर ती सवड आपण तिच्याकडून काढून घेतो. मग ती ‘सुटका’ कसली?

ही काळजी आजची नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकीने, सावित्रीबाईंनी, जोतिरावांबरोबर पुण्यात 1863 साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी तिथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल ठेवावे किंवा न्यावे, हे त्यांच्यावर सोपवलेले. तिथेच काशीबाई नावाच्या विधवेला झालेला मुलगा त्यांनी 1874 साली दत्तक घेतला. तो यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. पंढरपूरला 1875 साली लालशंकर उमियाशंकर या न्यायखात्यातल्या गृहस्थांनी अनाथ बालकांसाठी आश्रम सुरू केला. या मंडळींनी मूल आणि आई दोघांकडेही पाहिले. नुसते मूल उचलून कुणाच्या पदरात टाकले नाही.

आणि तिसरे वाईट होते ते बाळाचे. त्याचे सर्वांत जास्त. पण ते सांगण्याआधी आमच्याकडे लेक कशी आली, ते सांगते.

आम्ही 2016 साली नाव नोंदवले. देशभराची एकच यादी आहे. ती दिल्लीचे केंद्रीय दत्तक प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, चालवते आणि नोंदणी संगणकावरून होते. वशिला नाही, चिठ्ठीचपाटी नाही. नोंदणीच्या तारखेप्रमाणे पाळी. विवाहाचा दाखला, उत्पन्नाचा, वयाचा, प्रकृतीचा दाखला, ओळखीच्या माणसांची पत्रे असे कागद जोडायचे. मग आपल्या जवळच्या संस्थेच्या समाजसेविका घरी येतात आणि ‘गृह अभ्यास अहवाल’ लिहितात.

या अहवालाचा फार बाऊ केला जातो. आमच्या सासूबाईंनी तर आदल्या दिवशी माळ्यावरची जळमटेसुद्धा काढवली. ताई आल्या, तेव्हा त्यांनी माळ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. चहा घेतला आणि विचारले, “मूल कशासाठी हवं?” ह्यांनी काही तरी पुस्तकी उत्तर दिले. ताई हसून म्हणाल्या, “आम्ही तुमच्यासाठी मूल शोधत नाही हो. आमच्याकडच्या मुलांसाठी आईबाप शोधतो. म्हणून विचारतेय.” मग हळूहळू गोष्टी निघाल्या. उपचार थांबवल्याचे दुःख ओसरले आहे का? दोघांत भांडण झाले तर आधी कोण बोलते? मूल अभ्यासात बेताचेच निघाले तर? मी कचेरीत जाते, तर दुपारी त्याच्याजवळ कोण? माझ्या धाकट्या जावेची मुले घरात आहेत, त्यांच्या बरोबरीने याला वाढवाल का? दोन तास कसे गेले ते समजले नाही. लग्नाला नऊ वर्षे होऊनही जे आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, ते त्या दिवशी परक्या बाईसमोर बोललो.

शेवटी त्या सासूबाईंकडे वळल्या. सासूबाई मनात असेल ते बोलून टाकणाऱ्या. त्यांनी विचारले, “जात कोणती असेल?”

“आजी, जात बघून मूल देत नाहीत. आम्ही ती सांगतही नाही.”

सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “बरं. पण सत्यनारायणाला गुरुजींनी गोत्र विचारलं, तर मी आमचंच सांगणार. चालेल ना?”

“तेच सांगा,” ताई म्हणाल्या आणि वहीत काही तरी लिहिले. त्यांनी काय लिहिले ते आम्हांला कधी कळले नाही. पण आमचा अहवाल त्याच ओळीवर पास झाला असावा, असे ह्यांचे मत आहे.

मग वाट पाहणे. दोन वर्षे. आज तान्ह्या बाळासाठी तीन वर्षांहून अधिक थांबावे लागते, हे मी लपवत नाही. देशात तीस हजारांहून अधिक इच्छुक नावे यादीवर आहेत आणि वर्षाकाठी दत्तक जाणारी मुले चार-साडेचार हजार. त्या दोन वर्षांत संस्थेने आम्हांला नुसते बसवून ठेवले नाही. ज्यांच्या घरी दत्तक मुले आहेत अशा आईबापांच्या बैठकींना बोलावले. तिथे एका वडिलांनी सांगितलेले मला आजही उपयोगी पडते. ते म्हणाले, “मूल घरी आलं की पहिले काही महिने त्याला तुम्ही आवडालच असं नाही. त्याचं सगळं ओळखीचं जग सुटलेलं असतं. तुम्ही रुसू नका.”

2018 च्या ऑगस्टात सकाळी अकरा वाजता कळले. एक वर्षाची मुलगी, विदर्भातल्या एका संस्थेत. फोटो, तिचा अभ्यास अहवाल, वैद्यकीय तपासणीचा अहवाल. अठ्ठेचाळीस तासांत हो म्हणायचे. आमच्या डॉक्टरांनी अहवाल वाचून, वजन थोडे कमी आहे, बाकी ठणठणीत, असे सांगितले. आम्ही संध्याकाळच्या आत हो कळवले आणि रात्रीच्या गाडीचे तिकीट काढले.

तिथल्या मावशींच्या कडेवरून ती माझ्याकडे यायला तयार नव्हती. तिथल्या ताईंनी आम्हांला दोन दिवस तिच्यासोबत संस्थेतच बसवले. ती कशी झोपते, भात कसा खाते, कोणत्या चिंधीशिवाय तिला झोप लागत नाही, हे सगळे लिहून दिले आणि ती चिंधीही न धुता बरोबर दिली. “धुऊ नका, त्याला इथला वास आहे. तिला थोडे दिवस लागेल.” ही गोष्ट कोणत्याही नियमावलीत नाही. वर्षानुवर्षे मुले सांभाळणाऱ्यांनाच ती सुचते.

नावाचेही तसेच. मी मनात एक नाव धरले होते. ताई म्हणाल्या, “एक वर्षाच्या मुलीला आपलं नाव ठाऊक असतं. तेवढं एकच तिचं स्वतःचं आहे.” आम्ही नाव बदलले नाही. सासूबाईंना बारसे हवे होते, ते त्यांनी केले. पाळणा सजवला, बायका जमवल्या, घुगऱ्या वाटल्या आणि वर्षाच्या धिटुकल्या पोरीच्या कानात तिचेच नाव पुन्हा सांगितले. ती खदखदून हसली.

आधी मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी येते आणि नंतर पक्का हुकूम होतो. आमच्या वेळी तो न्यायालयातून व्हायचा. 2021 साली कायदा बदलून ते काम जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे दिले आहे. त्या हुकुमावरून जन्माचा दाखला निघतो आणि त्यावर आईबाप म्हणून आपलीच नावे लागतात. म्हणजे, बाई, ज्यासाठी तुम्ही खोटी नोंद करायला निघाला आहात, ते सरळ मार्गानेही मिळते. पुढे दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, ताई घरी येऊन मूल कसे रुळले ते पाहतात. शेजारच्या काकूंना ही तपासणी वाटली. मला माहेरचे माणूस आल्यासारखे वाटायचे.

थोडे कायद्याविषयी, कारण पत्रांत घोळ दिसतो. जुन्या धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक घ्यायचा तो मुलगा, आणि तो पिंडदानासाठी. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलगी दत्तक घेता येऊ लागली आणि अविवाहित, विधवा, घटस्फोटित स्त्रीला स्वतःच्या हक्काने दत्तक घेण्याची मोकळीक मिळाली. नात्यातले मूल घ्यायचे असेल तर या कायद्याखाली दत्तकपत्र नोंदवता येते. इतर धर्मीयांना पूर्वी 1890 च्या कायद्याने केवळ पालकत्व मिळे. बाल न्याय कायद्याचा मार्ग मात्र सर्वांना मोकळा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली स्पष्ट केले. एकट्या स्त्रीलाही मूल मिळते. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. दांपत्याच्या लग्नाला किमान दोन वर्षे झालेली असावीत. दोघांच्या वयाची बेरीज धरतात : दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ती 85 च्या वर नको. तेव्हा विचार करायचा तो वेळेत करावा.

आता तिसऱ्याचे, बाळाचे.

मागच्या दाराने आलेल्या मुलाला त्याची गोष्ट सांगता येत नाही. सांगितली की आपला गुन्हा सांगावा लागतो. म्हणून ती दडपायची. मग दवाखान्यातला माणूस, परगावची खोली देणारी आत्या, त्या मुलीच्या घरचे, एवढी माणसे जन्मभर गप्प राहतील या भरवशावर पोराला वाढवायचे. गावात अशी गोष्ट राहते का हो? ती लग्नाच्या बोहल्यापाशी किंवा इस्टेटीच्या वाटणीत फुटते. त्या दिवशी त्या मुलाला दत्तक असल्याचे दुःख होत नाही. ज्यांच्यावर विश्वास टाकला त्यांनी वीस वर्षे खोटे सांगितले, याचे होते.

आमच्या ताईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते, “तिला अर्थ कळायच्या आधी शब्द कळू द्या.” तेव्हा झोपवतानाच सांगायला सुरुवात केली : आम्ही आगगाडीने आलो, तू मावशींच्या कडेवर होतीस, तुझ्या हातात चिंधी होती. सासूबाईंनी आपल्या परीने देवकी-यशोदेची कथा लावली. ती वर्षभर छान चालली. पाचव्या वर्षी लेकीने विचारले, “मग कृष्ण यशोदेला सोडून मथुरेला का गेला?” सासूबाई निरुत्तर झाल्या. तेव्हापासून आमच्याकडे कृष्णाची गोष्ट कृष्णाची आणि तिची गोष्ट तिची, असा नियम आहे.

ती आता तिसरीत आहे. गेल्या उन्हाळ्यात अंगणात डाव मोडला, भांडण जुंपले आणि समोरच्या बिऱ्हाडातला मुलगा ओरडला, “तू तर आणलेली आहेस!” मी स्वयंपाकघरातून ऐकले आणि हातातले लाटणे तसेच राहिले. बाहेरून तिचा आवाज आला, “ठाऊक आहे मला. आगगाडीने आणलंय. राज्य तुझ्यावरच आहे.” आणि खेळ पुढे सुरू झाला.

म्हणजे सगळे गोड झाले, असे समजू नका. त्याच रात्री दिवा मालवल्यावर तिने विचारले, “माझ्या पहिल्या आईला माझं नाव ठाऊक आहे का?”

“मला माहीत नाही, बाळा,” मी म्हटले.

“ती दिवाळीत माझी आठवण काढते का?”

“तेही मला माहीत नाही.”

ती बराच वेळ माझ्या मनगटाशी खेळत राहिली आणि मग झोपली. मला मात्र झोप लागली नाही. सकाळी ताईंना फोन केला. आठ वर्षे होत आली, कागदोपत्री त्यांचे काम केव्हाच संपले. तरी त्यांनी अर्धा तास दिला. म्हणाल्या, “बरोबर सांगितलंत. जे माहीत नाही ते कल्पनेनं भरू नका. आई फार चांगली होती म्हणू नका, वाईट होती असं तर मुळीच नको. अठरा वर्षांची झाली की तिला स्वतः अर्ज करून आपल्या मुळाचा शोध घेता येतो. पहिल्या आईची गुप्तता राखून जेवढं सांगता येईल तेवढं आम्ही सांगतो. तोवर हा प्रश्न ती पुन्हा पुन्हा विचारील. विचारू द्या.”

ती विचारतेही. दर खेपेला माझ्या पोटात कालवते, हे खरे. पण ती प्रश्न घेऊन माझ्याकडे येते, शेजारच्या काकूंकडे जात नाही, एवढे समाधान मला पुरते. आणि जेव्हा ती अठरा वर्षांची होईल, तेव्हा कुठल्या तरी कपाटात तिच्या नावाची एक फाईल असेल. ती कधी आली, कुणी आणली, तिचे वजन किती होते, तिच्या माणसांचा शोध घेतला गेला, कुणी तिला विकले नाही, चोरले नाही. आपल्यामागे असा स्वच्छ कागद असणे, हीही एक मिळकतच. दवाखान्याच्या खोट्या नोंदीतून ती मिळत नाही.

तेव्हा, बाई, त्या दवाखान्याला ‘नको’ कळवा. जमल्यास त्या मुलीपर्यंत एवढा निरोप पोचवा की, तिने बाल कल्याण समितीकडे जावे. तिथे तिचे नाव फुटत नाही, आणि बाळ ठेवायचे की सोडायचे, हे ती स्वतः ठरवू शकते. कदाचित ती बाळ ठेवील. मग ते तुमचे नव्हतेच.

आणि नाव नोंदवताना एक गोष्ट दोघे बसून बोला. यादीवरचे बहुतेक सारे तान्हे बाळ मागतात. संस्थांमध्ये सहा, आठ, दहा वर्षांची मुले आहेत, कुणाला दुखणेबाणे आहे, कुठे दोन भावंडे आहेत ज्यांना ताटातूट नको आहे. त्यांच्यासाठी आईबापांची अशी रांग नसते. हे काम सोपे नाही, आणि दयेपोटी तर कुणी करूच नये. पण आपल्याला जमेल का, एवढे एकमेकांना विचारायला पैसे पडत नाहीत.

जमणार नसेल तर तान्ह्यासाठी थांबा. तीन वर्षे लांब वाटतात खरी. त्या काळात उंबरठ्याला आडवी फळी बसवून घ्या, सासूबाईंशी बोला, आणि ज्यांच्या घरी अशी मुले आहेत त्यांच्याकडे जाऊन या. साताऱ्याला आलात, तर आमच्याकडेही या. कडबोळी शिल्लक असतील. लेकीला काही विचारायचे असेल तर तिच्यासमोरच विचारा. आमच्याकडे या विषयावर आवाज खाली आणून बोलत नाहीत.